पान उघडंना झालंय

कोल्हापूरकडं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. सकाळ-संध्याकाळ डेअरीला घातलेलं दूध, त्याची फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावर बसलेला दर, पशुखाद्याची आणि ॲडव्हान्सची कपात, हे सगळं एका कागदावर येतं आणि त्या कागदावर घराचा पुढचा बाजार ठरतो. मी ज्या लहानशा कंपनीत काम करते, तिथं हे बिल काढणारं सॉफ्टवेअर बनतं. जावा या भाषेत लिहिलेलं, टॉमकॅटवर, म्हणजे जावाची वेब ॲप्लिकेशनं चालवणाऱ्या सर्व्हरवर, चालणारं. साठेक गावांतल्या संस्था ते वापरतात.

आमचा जुना सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातला विंडोजचा संगणक, त्यावर टॉमकॅट ८.५. या आवृत्तीला मिळणारा आधार ३१ मार्च २०२४ ला संपला. त्यानंतर सुरक्षेची एखादी खोट सापडली तरी तिची दुरुस्ती येणार नव्हती. शेतकऱ्यांचे खाते क्रमांक ज्या यंत्रावर आहेत, ते तसंच चालू ठेवणं मला पटत नव्हतं. सरांच्या मागे लागून लागून पावसाळ्यात एकदाचं ठरलं: भाड्याचा सर्व्हर घ्यायचा, त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स, टॉमकॅट ९ आणि पुढे एनजिनएक्स, म्हणजे बाहेरून आलेल्या विनंत्या आत टॉमकॅटकडं पोचवणारा वेब सर्व्हर. टॉमकॅट १० मुद्दाम टाळलं. त्यात जावाएक्सने सुरू होणारी सर्व्हलेटची (वेबवरच्या विनंत्या हाताळणाऱ्या कोडची) पॅकेजं जकार्ता या नावाखाली गेली आहेत आणि आमचा सगळा कोड जुन्या नावांवर उभा आहे. यंत्र बदलायचं, ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची आणि त्याच रात्री कोडची नावंही बदलायची, एवढं ओझं मला एकदम घ्यायचं नव्हतं.

अट एकच होती. पत्ता बदलता कामा नये. संस्थांच्या संगणकांवर डेस्कटॉपला शॉर्टकट करून दिलेले आहेत, संकलन केंद्रावरून आकडे येतात तेही त्याच पत्त्यावर, आणि त्या पत्त्याच्या शेवटी आहे /डेअरी. साठ गावांत जाऊन शॉर्टकट बदलत फिरणं शक्य नव्हतं. ११ तारखेला एक बिल गेलं, १२ च्या रात्री मी नव्या सर्व्हरवर बसले. पुढचं बिल २१ ला. जुना संगणक तोवर चालूच राहणार होता, त्यामुळे जीव टांगणीला नव्हता, पण दिवस मोजून नऊच होते.

वॉर फाइल, म्हणजे अख्खं ॲप्लिकेशन एकत्र बांधलेली फाइल, तयार केली, टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकली, कॅटलिनाचा लॉग, म्हणजे टॉमकॅटची मुख्य नोंदवही, समोर उघडा ठेवला. थोड्या वेळात ओळ आली: डिप्लॉयमेंट अमुक इतक्या मिलिसेकंदांत फिनिश्ड. ब्राउझरमध्ये /डेअरी टाकलं आणि समोर ४०४, म्हणजे पान सापडत नाही.

आमच्या वॉर फाइलच्या आतच मेटा-आयएनएफमध्ये कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल नावाची, ॲप्लिकेशनची मांडणी सांगणारी फाइल आहे आणि तिच्यात पाथ म्हणून /डेअरी लिहिलेलं आहे. कितीतरी वर्षं ती ओळ तिथं आहे. माझ्या दृष्टीने पत्ता तिथून येत होता. दोन तास मी त्या ओळीशी झगडत बसले. स्लॅश काढून पाहिला, लावून पाहिला, टॉमकॅट बंद-चालू केलं. शेवटी टॉमकॅटची माहितीपुस्तिका उघडली आणि सरळ लिहिलेलं सापडलं: पाथ हा गुणधर्म फक्त सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॉमकॅटच्या स्वतःच्या मुख्य मांडणीच्या फाइलमध्ये, कॉन्टेक्स्ट लिहिला तरच चालतो. बाकी सगळीकडं टॉमकॅट त्याकडं बघतही नाही, फाइलच्या नावावरून पत्ता ठरवतं. माझ्या फाइलचं नाव होतं डेअरी-२.४ डॉट वॉर. वॉर बांधून देणाऱ्या मेव्हननं आवृत्तीचा आकडा नावात घातला होता. म्हणजे माझं ॲप्लिकेशन /डेअरी-२.४ या पत्त्यावर होतं आणि मी /डेअरीच्या दारात उभी राहून हाका मारत होते.

मग जुन्या संगणकावर कसं चालत होतं? सकाळी ऑफिसला गेल्यावर पहिलं काम तेच केलं. तिथल्या सर्व्हर डॉट एक्सएमएलच्या तळाशी, होस्टच्या आत एक कॉन्टेक्स्टची ओळ होती. पाथ /डेअरी, डॉकबेस, म्हणजे ॲप्लिकेशन ठेवल्याची जागा, डी ड्राइव्हवरचा एक फोल्डर. माझ्या आधी हे काम पाहणाऱ्यांनी कधीतरी लिहिलेली. ना टिप्पणी, ना तारीख. आतली कॉन्टेक्स्टची फाइल नुसती शोभेला होती आणि खरं काम ही एक ओळ करत होती. नव्या सर्व्हरवर मी सर्व्हर डॉट एक्सएमएल कोरी घेतली होती.

नावाचे हे नियम कुणीतरी मला पहिल्या दिवशी सांगायला हवे होते, म्हणून इथं सांगते. रूट डॉट वॉर, सगळी अक्षरं मोठी, असं नाव दिलं तर ॲप्लिकेशन पत्त्याच्या मुळाशी, म्हणजे नुसत्या / वर, बसतं. नावात एक हॅश घातला तर तिथं स्लॅश होतो, म्हणजे दूध#बिल डॉट वॉर हे /दूध/बिल या पत्त्यावर जातं. दोन हॅश घातले तर पुढचा भाग आवृत्ती समजला जातो, पत्त्यात येत नाही. आणि अक्षर लहान की मोठं याला महत्त्व आहे. ते मी लगेच भोगलं, कारण नाव बदलताना घाईत पहिलं अक्षर मोठं टाईप झालं आणि आणखी पाऊण तास गेला.

नाव बरोबर केलं. टॉमकॅट सुरू केलं. ४०४.

पान तेच, शब्दही तेच, अक्षराचा फरक नाही. पत्ता चुकलेला असताना जे पान आलं, तेच पत्ता बरोबर असतानाही आलं. मला अजून वाटतं की टॉमकॅट शिकवताना हे सगळ्यात आधी सांगायला हवं. त्या पत्त्यावर ॲप्लिकेशनच नाही, किंवा ॲप्लिकेशन आहे पण सुरू होताना पडलं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचं उत्तर टॉमकॅट एकाच पानानं देतं. पडलेलं ॲप्लिकेशन त्याच्या हिशेबी अस्तित्वातच नसतं.

सर मागून येऊन उभे राहिले. "कुठला लॉग बघतीयेस?"

"कॅटलिनाचा. फिनिश्ड म्हणतंय सर."

"फिनिश्ड म्हणजे त्यानं प्रयत्न संपवला. वर बघ जरा, सिव्हिअर लिहिलेलं काही दिसतंय?"

दिसत होतं. मी फिनिश्डच्या ओळीवर थांबले होते आणि तिच्या दोन ओळी वर लिहिलं होतं की एक किंवा अधिक लिसनर (ॲप्लिकेशन उठताना चालणारे कोडचे तुकडे) सुरू होऊ शकले नाहीत, सविस्तर माहिती योग्य त्या कंटेनरच्या लॉगमध्ये मिळेल. हा योग्य तो लॉग म्हणजे त्याच फोल्डरमधला, लोकलहोस्ट आणि पुढे तारीख अशा नावाचा दुसरा लॉग. इतकी वर्षं टॉमकॅटवर काम करून मी तो क्वचितच उघडला होता. उघडला, आणि पहिल्याच पानावर सगळं होतं. आमचा लिसनर सुरू होताना दरपत्रकाची फाइल वाचतो. तिचा पत्ता कोडमध्ये कोंबलेला होता: डी, कोलन, बॅकस्लॅश, डेअरी, बॅकस्लॅश, दरपत्रक.

लिनक्सला डी ड्राइव्ह माहीत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला जे ठाऊक नव्हतं ते त्या दिवशी माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलं. तिथंही लिनक्सच आहे. त्याच पत्त्यावर फाइल लिहायला सांगणारा चार ओळींचा प्रोग्राम चालवला. चूक आली नाही. फोल्डर उघडून पाहिलं तर चालू फोल्डरमध्येच एक नवी फाइल होती आणि तिचं नाव होतं तो अख्खा पत्ता, कोलन आणि बॅकस्लॅशसकट. लिनक्सच्या लेखी बॅकस्लॅश हे नावातलं साधं अक्षर आहे. म्हणजे वाचताना फाइल सापडत नाही म्हणून निदान ओरड तरी होते, पण लिहिताना ओरडही होईलच असं नाही. त्या रात्री अख्ख्या कोडमध्ये बॅकस्लॅश शोधले. अकरा सापडले.

अकराही पत्ते कोडमधून बाहेर काढले. टॉमकॅटच्या कॉन्फमध्ये कॅटलिना, त्यात लोकलहोस्ट असा फोल्डर असतो. तिथं डेअरी डॉट एक्सएमएल ही फाइल केली आणि तिच्यात एन्व्हायर्नमेंटच्या नोंदी टाकल्या: दरपत्रक कुठं, बिलं कुठं साठवायची, साचे कुठले. कोड आता या नोंदी वाचतो. उद्या सर्व्हर बदलला तर एक फाइल बदलायची. ॲप्लिकेशन उठलं, लॉगिनचं पान आलं.

त्याच दिवशी एक गोष्ट अशी घडली की काळजाचा ठोका चुकला. वॉर फाइल वेबॲप्समध्ये नको, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी असं माझ्या मनात आलं. चालू टॉमकॅटवरच मी ती तिथून हलवली आणि मग डेअरी डॉट एक्सएमएल उघडायला गेले. फाइल नाही. दोन तास खपून लिहिलेली फाइल जागेवर नाही. मी हातही लावला नव्हता. टॉमकॅटचं ऑटोडिप्लॉय चालू असतं तेव्हा ते दर १० सेकंदांनी सगळं तपासत असतं. वॉर नाहीशी झाली म्हणजे ॲप्लिकेशन काढून टाकायचं आहे असं ते धरतं आणि तिच्याबरोबर उलगडलेला फोल्डरही पुसतं, कॉन्टेक्स्टची फाइलही पुसतं. नशिबानं एडिटरमध्ये मजकूर अजून उघडा होता. तेव्हापासून ती फाइल गिटमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या साधनात, आहे. वॉर हलवायची तर आधी टॉमकॅट बंद करते.

पुढची मांडणी मात्र त्यातूनच सुचली आणि आजही तशीच चालू आहे. वॉर वेबॲप्सच्या बाहेर, नावात आवृत्तीच्या आकड्यासकट. डेअरी डॉट एक्सएमएलमध्ये डॉकबेस त्या वॉरकडं बोट दाखवतो. पत्ता येतो एक्सएमएल फाइलच्या नावावरून, म्हणजे कायम /डेअरी. नवी आवृत्ती आली की डॉकबेसची ओळ बदलायची, जुनी वॉर शेजारीच पडून राहते, गरज पडली तर परत फिरता येतं. डॉकबेस मात्र वेबॲप्सच्या आतला दिला तर टॉमकॅट इशारा देऊन त्याकडं दुर्लक्ष करतं.

१६ तारखेला राधानगरीकडच्या एका संस्थेच्या सचिवांना फोन केला. ते आमचे सगळ्यात जुने वापरणारे. नव्या सर्व्हरचा तात्पुरता पत्ता दिला आणि म्हटलं, दादा, गेल्या बिलाची एक प्रत काढून बघा. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

"मॅडम, आत गेलोय, समदं दिसतंय. बिल काढ म्हटलं की पान उघडंना झालंय."

बिलाची पीडीएफ तयार होऊन एका फोल्डरमध्ये जाते आणि मग पडद्यावर येते. तो फोल्डर मी लिनक्सच्या एसआरव्ही या फोल्डरखाली केला होता, मालकी टॉमकॅट वापरकर्त्याला दिली होती. लॉगमध्ये आलं: रीड-ओन्ली फाइल सिस्टिम. मला वाटलं डिस्कच बिघडली. तपासली, ठीक. परवानग्या पाहिल्या, ठीक. सुडो वापरून टॉमकॅट वापरकर्त्याच्या नावानं त्याच फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल करून पाहिली. झाली. तोच वापरकर्ता, तोच फोल्डर, मी हाताने केलं तर होतं आणि टॉमकॅटनं केलं तर डिस्क वाचण्यापुरतीच आहे म्हणतं. हे कोडं मी रात्री जेवतानाही डोक्यात घोळवत होते. आई म्हणाली, ताटाकडं बघ आधी.

उत्तर टॉमकॅटमध्ये नव्हतंच. उबुंटूचं टॉमकॅट ९ चं पॅकेज सिस्टिमडी या लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेमार्फत सुरू होतं आणि त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये प्रोटेक्टसिस्टिम ही ओळ स्ट्रिक्ट केलेली असते. अख्खी फाइल सिस्टिम त्या सर्व्हिसला फक्त वाचता येते. लिहायला मोजकेच फोल्डर मोकळे ठेवलेले असतात: वेबॲप्स, लॉग आणि कॅटलिनाचा कॉन्फ. माझी हातानं केलेली चाचणी या कुंपणाच्या बाहेरून होत होती, म्हणून ती पास झाली. हे कुंपण चांगलंच आहे. कुणी ॲप्लिकेशनमधून आत शिरलं तरी त्याला सगळीकडं लिहिता येत नाही. ते काढून टाकण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतात, मी तो मानला नाही. सिस्टिमसीटीएल एडिट ही आज्ञा वापरून रीडराइटपाथ्समध्ये, म्हणजे लिहायला मोकळ्या फोल्डरांच्या यादीत, आमचा एकच फोल्डर वाढवला, सर्व्हिस परत सुरू केली. पीडीएफ आली. गाईच्या दुधाची आली, म्हशीची येईना, तर त्या साच्याच्या फाइलचं पहिलं अक्षर मोठं होतं आणि कोडमध्ये लहान. विंडोजनं ते कधी जाणवू दिलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम.

बिलं वेबॲप्सच्या आतच का साठवली नाहीत, असं आमच्याकडच्या एका नव्या मुलानं विचारलं. तिथं तर लिहिता येतं. येतं, पण नवी आवृत्ती टाकली की उलगडलेला फोल्डर पुसून नवा होतो. त्यात साठवलेली बिलं गेली म्हणजे गेली.

१८ ला एनजिनएक्स पुढे लावलं आणि सरांनी एक सुचवलं: बाहेरून पत्ता छोटा ठेवू, /डेअरी लिहायला लागू नये, जुना पत्ताही आपला चालू राहू दे. एनजिनएक्समध्ये मुळाचा पत्ता आत /डेअरी/ कडं वळवला. लॉगिनचं पान आलं, नाव-पासवर्ड टाकला, बटण दाबलं, पुन्हा लॉगिनचं पान. पासवर्ड चूक असल्याचंही म्हणेना. नुसतं गोल गोल.

इथं मात्र मी अंदाज बांधत बसले नाही. एव्हाना एक सवय लागली होती. पान चुकलं की आधी बघायचं, हे उत्तर दिलं कोणी. पांढऱ्या पानावर मधोमध ४०४ आणि खाली एनजिनएक्स लिहिलं असेल तर विनंती टॉमकॅटपर्यंत गेलीच नाही. निळ्या पट्टीत एचटीटीपी स्टेटस लिहिलं असेल आणि तळाशी टॉमकॅटची आवृत्ती, तर टॉमकॅटपर्यंत पोचली पण पुढं गेली नाही. आमचं स्वतःचं चूक दाखवणारं पान असेल तर ॲप्लिकेशन जिवंत आहे. मग सर्व्हरवर बसूनच कर्ल या आज्ञेनं टॉमकॅटच्या ८०८० पोर्टला थेट विचारायचं, मग एनजिनएक्समार्फत विचारायचं, आणि दोन उत्तरं शेजारी ठेवायची.

थेट विचारल्यावर लॉगिन होत होतं. एनजिनएक्समार्फत होत नव्हतं. उत्तराच्या शिरोभागात सेशनची कुकी, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची ब्राउझरकडं राहणारी खूण, होती आणि तिच्यापुढं पाथ /डेअरी. टॉमकॅटला बाहेरच्या छोट्या पत्त्याचा पत्ताच नाही. त्यानं आपल्या समजुतीप्रमाणं कुकीवर /डेअरी लिहिलं. ब्राउझर आहे मुळाच्या पत्त्यावर, तो म्हणतो ही कुकी /डेअरीसाठी आहे, इथं का पाठवू. प्रत्येक विनंती टॉमकॅटला नवख्या माणसासारखी दिसत होती. कुकीचा पाथ बदलून देणारी ओळ एनजिनएक्समध्ये आहे, ती घातली. लॉगिन झालं, आणि आतली प्रत्येक लिंक ४०४. टॉमकॅटचा ॲक्सेस लॉग उघडला, त्यात विनंती आली होती /डेअरी/डेअरी/बिल अशी. पानावरच्या लिंका कॉन्टेक्स्ट पाथ जोडून तयार होतात, तसंच हवं, त्यात एक /डेअरी. मग एनजिनएक्स आत पाठवताना स्वतःचं आणखी एक जोडतं.

मी सरांना म्हटलं, सर, हे सगळं दुरुस्त करता येईल, पण प्रत्येक दुरुस्ती म्हणजे पुढं कुणीतरी विसरणार अशी एक ओळ. बाहेर आणि आत एकच पत्ता ठेवू. दोन्हीकडं /डेअरी. नुसता मुळाचा पत्ता टाकला तर तिथून /डेअरीला पाठवून देऊ. सर दोन मिनिटं पडद्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "कर." एनजिनएक्सच्या सहा ओळी पुसल्या, एक लिहिली. वळवताना पुढचा पाथ जसाच्या तसा जाऊ दिला. कुकी बरोबर, लिंका बरोबर.

१९ च्या रात्री, संध्याकाळचं संकलन संपल्यावर, डेटा नव्या सर्व्हरवर आणला आणि डोमेन तिकडं वळवलं. जुनं टॉमकॅट बंद केलं. सकाळी सहाला उठून ॲक्सेस लॉग उघडून बसले. पहिली विनंती आली, उत्तर २००, म्हणजे सगळं ठीक. मग दुसरी. साडेसातपर्यंत ओळी वाचता येऊ नयेत इतक्या भरभर सरकायला लागल्या.

२१ ला साडेदहाला दादांचा फोन आला. बिलं निघाली होती, दारात लोक थांबले होते, मागून प्रिंटरचा आवाज येत होता. "मॅडम, कागद अडकलाय मशिनीत, ते तुमच्याकडं न्हाई व्हय?" मी म्हटलं, नाही दादा, ट्रे उघडून मागनं ओढा. ते फोन चालू ठेवूनच उठले.

दुपारी डेअरी डॉट एक्सएमएल उघडून सगळ्यात वर टिप्पणी लिहिली: या फाइलचं नाव बदलू नये, पत्ता याच नावावरून ठरतो आणि साठ संस्थांचे शॉर्टकट याच पत्त्यावर आहेत. खाली तारीख घातली.